थोरली दमण, धाकटी दमण

सुरतेत राहणाऱ्या माणसाने "दमणला जाऊन येतो" असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट स्मित उमटते. गुजरातेत दारूबंदी आहे आणि दमणला ती नाही, एवढ्या एका गोष्टीने चार शतकांचा इतिहास पोटात बाळगणाऱ्या त्या गावाचे नाव पार बिघडून गेले आहे. मागल्या हिवाळ्यात आमच्या गोडादऱ्यातील चार बिऱ्हाडे मुलाबाळांसह आणि दोन वृद्धांसह दमणला निघाली, तेव्हा कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्यानेही "बायकामुलांना घेऊन?" असे विचारलेच. त्याचा काही दोष नाही. दमण म्हणजे सुटीच्या दिवशी पुरुषमंडळींनी जाण्याचे ठिकाण, अशी समजूत येथे इतकी रूढ आहे, की त्या गावाला तट आहेत, देवळे आहेत, चर्च आहेत, आणि मराठी माणसाच्या इतिहासाशी त्याचे काही देणेघेणे आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानीमनी नसते.

गोडादरा हे सुरतेच्या आग्नेय कडेचे, एकेकाळी शेतांत वसलेले गाव. आज ते शहराच्या पोटात आले आहे आणि माग, साड्यांची कामे व लहानमोठे कारखाने यांवर येथील संसार चालतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या खोऱ्यातील लोहमार्गाने येऊन येथे आणि शेजारच्या लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. घरात अहिराणी किंवा मराठी, कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती, अशी आमची तीन पदरी भाषा. हे येथे सांगण्याचे कारण पुढे येईल.

उधन्याहून वापीकडे जाणारी सकाळची गाडी पकडली, की खिडकीतून दक्षिण गुजरात उलगडत जातो. नवसारी, अमलसाड, बिलिमोरा. अमलसाडचे चिकू सर्वांना ठाऊक आहेत. वलसाड मागे पडल्यावर पूर्वेस पारनेराचा डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावरील किल्ला शिवकालात मराठ्यांकडे होता, हे मुलांना सांगताच सगळी त्या बाजूच्या खिडक्यांना चिकटली. पुढे उदवाडा, पारशी बांधवांच्या पवित्र अग्नीचे गाव. मग वापी, आणि वापीहून रिक्षाने बारा-एक किलोमीटरवर दमण.

गावात शिरताना प्रथम नदी भेटते. दमणगंगा ही नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते. म्हणजे नदीही आमच्यासारखीच, माहेर महाराष्ट्रात आणि नांदणे येथे. तिच्या मुखाशी दोन्ही तीरांवर दोन गावे आहेत. दक्षिणेस मोटी दमण, उत्तरेस नानी दमण. मराठीत म्हणावयाचे तर थोरली आणि धाकटी. गंमत अशी, की आज थोरली शांत आणि रिकामी आहे, तर धाकटीने बाजार, हॉटेले, बसस्थानक, गर्दी असा सारा पसारा मांडला आहे. घरोघरीही पुष्कळदा असेच घडते.

पोर्तुगीजांचा आणि दमणचा पहिला संबंध १५२३ साली आला असे सांगतात. होर्मुझकडे जाणारे त्यांचे एक जहाज वादळात सापडून या किनाऱ्याला लागले. त्यानंतर ते इकडे वारंवार येऊ लागले, आणि तेही नुसते व्यापारासाठी नव्हे. १५३० साली त्यांनी सुरत लुटून जाळली. आपण सुरतेत चौकबाजारापाशी तापीकाठी जो किल्ला पाहतो, तो गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेवरून खुदावंदखानाने १५४० ते १५५० च्या दशकात बांधला, तो याच फिरंग्यांच्या धास्तीने. अखेर २ फेब्रुवारी १५५९ रोजी व्हाइसरॉय दों कोन्स्तांतीनु द ब्रागांसा याने मोठे आरमार घेऊन दमण काबीज केली. गुजरातच्या सल्तनतीत तेव्हा बेबंदशाही माजली होती आणि दमणचा ताबा एका हबशी सरदाराकडे होता. त्या दिवसापासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे चारशे दोन वर्षे, दमण पोर्तुगीजांकडे राहिली.

परंतु या चारशे दोन वर्षांतील साठ वर्षांची गोष्ट निराळी आहे आणि ती दमणला जाणाऱ्या प्रवाशांस बहुधा कोणी सांगत नाही. १५८० साली पोर्तुगालचे राजघराणे निर्वंश झाले आणि स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने त्या गादीवर हक्क सांगून ती मिळविली. तेव्हापासून १६४० पर्यंत लिस्बनवर माद्रिदचे राज्य होते. गोवा, वसई, चौल, दमण, दीव या सर्व ठिकाणांचा धनी त्या काळात स्पेनचा राजा होता. कारभार पोर्तुगीज अधिकाऱ्यांकडेच ठेवण्याचे वचन फिलिपने दिले होते आणि भाषाही तीच राहिली, म्हणून हा बदल वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दगड मात्र साक्ष देतात. मोटी दमणमधील बॉम जेजूसचे मोठे चर्च १६०३ साली पूर्ण होऊन अर्पण झाले; नानी दमणचा किल्ला १६१४ ते १६२७ या काळात उभा राहिला. दोन्ही कामे स्पेनच्या फिलिपांच्या अमदानीतील. मेक्सिकोत आणि पेरूत ज्या राजांच्या नावाने नगरे वसत होती, त्याच राजांच्या नावाने वलसाडच्या शेजारी चुना भिजत होता, ही कल्पना आम्हांस मोठी चमत्कारिक वाटली. स्पॅनिश वसाहतीचे गाव पाहण्यास मेक्सिकोपर्यंत जाण्याची ऐपत आम्हां गोडादरावासीयांची नाही; परंतु त्याचे एक दूरचे भावंड उधन्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर आहे.

मोटी दमणचा किल्ला हा नुसता किल्ला नसून तटबंदीचे गाव आहे. दहा बुरूज, जमिनीकडे एक दरवाजा, पाण्याकडे एक दरवाजा, बाहेर खंदक. आत शिरल्यावर प्रथम नजरेत भरते ती रस्त्यांची आखणी. रस्ते सरळ आहेत आणि एकमेकांस काटकोनात छेदतात. आपल्या जुन्या गावांतील वाटा नदी, देऊळ, वाडा, विहीर यांच्या सोयीने वळत-वाकत जातात. येथे मात्र कोणी तरी आधी कागदावर रेघा ओढल्या आणि मग त्यांवर घरे बसविली. दुसऱ्या फिलिपने १५७३ साली अमेरिकेतील नव्या नगरांसाठी नियम घालून दिले होते : मध्ये चौक, चौकाच्या कडेने चर्च व सरकारी कचेऱ्या, आणि तेथून निघणारे सरळ रस्ते. दमणची आखणी त्या नियमांवरून झाली असे आम्ही म्हणत नाही, कारण तिचा आरंभ त्याआधीचा आहे. पण दोहोंच्या मागे असलेला विचार एकच दिसतो. परक्या भूमीवर उतरायचे, तेथील वाटांकडे पाहायचे नाही, आपल्या मनातील गाव तेथे ठेवून द्यायचे.

आज त्या गावात सरकारी कचेऱ्या आहेत. रविवारी गेल्यास रस्त्यांवर चिटपाखरू नसते. वडाची झाडे, चुन्याच्या भिंती, बंद खिडक्या आणि समुद्राचा वारा. आमच्याबरोबरच्या एका आजोबांना ती शांतता फार मानवली. कापडगिरणीत चाळीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. ते चौकातील पारावर बसले ते उठावयास तयार होईनात.

बॉम जेजूस या नावाचा अर्थ 'भला येशू'. बाहेरून चर्च साधे वाटते. आत वेदीमागे लाकडाची भव्य कोरीव महिरप आहे आणि तिच्या कोनाड्यांतून संतांच्या मूर्ती उभ्या आहेत. चौकाच्या पलीकडे जपमाळेच्या मातेचे लहानसे प्रार्थनामंदिर आहे. ते आकाराने किरकोळ, पण त्यातील सोन्याचा मुलामा दिलेले कोरीव काम आमच्या मते मोठ्या चर्चहून सरस आहे. पंख असलेली गुबगुबीत बालके त्या लाकडातून डोकावतात. आमच्यातील एका बाईंनी त्यांची तुलना देवघरातील रांगत्या बाळकृष्णाशी केली. सर्वांना ती पटली. ही लाकडे कोणी कोरली त्यांची नावे कोठेही नाहीत. युरोपातून नकाशे आले, आज्ञा आल्या, पाद्री आले. परंतु पोर्तुगीज हिंदुस्थानातील असे कोरीव काम बव्हंशी येथीलच सुतारांच्या हातचे असे. त्या हातांना वेलबुट्टी ठाऊक होती, कमळ ठाऊक होते, आणि नीट पाहिले तर ते कोठे ना कोठे दिसतेच.

याच भागात बोकाज नावाच्या पोर्तुगीज कवीचे घर म्हणून एक वास्तू दाखवितात. मानुएल मारिया बार्बोझा दु बोकाज हा अठराव्या शतकाच्या अखेरीचा पोर्तुगालचा नामांकित कवी. तो आरमारात नोकरीस होता. १७८६ साली गोव्यास आला आणि १७८९ साली त्याची बढतीवर दमणला नेमणूक झाली. दमण त्याला इतकी रुचली, की थोड्याच दिवसांत नोकरी सोडून तो पळाला, तो चीनकडे मकाव येथे जाऊन पोहोचला! ज्या गावी माणूस टिकला नाही तेथेच त्याच्या घराचे कौतुक व्हावे, हा कवींच्या नशिबाचा भाग म्हणावा.

पुलावरून नानी दमणला आलो. या नदीवरील एक पूल २८ ऑगस्ट २००३ रोजी पावसाळी पुरात कोसळला आणि शाळकरी मुले त्यात दगावली. गावातील लोक अजूनही त्याविषयी हळू आवाजात बोलतात. आम्हीही अधिक विचारले नाही.

नानी दमणचा किल्ला लहान असला तरी देखणा आहे. त्याचे नाव संत जेरोमचा किल्ला. नदीकडे तोंड केलेला त्याचा दरवाजा विलक्षण आहे : दोन्ही बाजूंस अवाढव्य मानवाकृती, आणि वर संत जेरोम. हा जेरोम ख्रिस्ती धर्मग्रंथाचे लॅटिनमध्ये भाषांतर करणारा विद्वान साधू; भाषांतरकार त्याला आपला कैवारी मानतात. तलवार न उचललेल्या पंडिताला किल्ल्याच्या दारावर उभे करण्याचे कारण बहुधा एवढेच, की ज्या व्हाइसरॉयच्या वेळी काम सुरू झाले त्याचे नाव जेरोनिमो द आझेव्हेदो होते. आत समुद्रमातेचे चर्च, एक शाळा आणि दफनभूमी आहे. तटावर चढले की खाली कोळ्यांच्या होड्यांची गर्दी, पलीकडच्या तीरावर मोटी दमणचा तट आणि पश्चिमेस खुला समुद्र, असे तिन्ही एकदम दिसते. १६३८-३९ साली दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाच्या फौजांनी दमणला वेढा घातला होता. तो निष्फळ झाला. तटाची जाडी पाहून त्याचे नवल वाटत नाही.

आता मराठ्यांविषयी. येथे थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण वसईचा पराक्रम प्रत्येक मराठी घरात ठाऊक असतो, दमणचा संबंध मात्र ठाऊक नसतो. 'चौथाई' हा शब्द आपण शाळेत घोकला. त्याचे एक मूळ याच मुलखात आहे. दमणच्या पूर्वेस डोंगरात रामनगरचे राज्य होते. आजचा धरमपूरचा टापू तो हाच. आपल्या मुलखास उपद्रव होऊ नये म्हणून दमणचे पोर्तुगीज रामनगरच्या राजाला महसुलाचा चौथा हिस्सा देत, आणि त्या राजाला 'चौथिया' असेच म्हणत. १६७२ साली मराठ्यांनी जव्हार व रामनगर जिंकले. तेव्हा शिवाजी महाराजांनी पोर्तुगीजांना कळविले, की आता रामनगर आमचे, तेव्हा चौथाईही आमची. पोर्तुगीजांनी टाळाटाळीचा सारा खेळ खेळून पाहिला. हक्क मागण्याची ती पद्धत पुढे साऱ्या हिंदुस्थानाने अनुभवली.

मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. त्यापाठोपाठ चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आली, आणि पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'तून दमण मागे राहिली. वसईच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटा त्यांतीलच, असे सांगतात. दमणच्या घंटा दमणलाच राहिल्या. म्हणून वसईत आपण भग्न कमानी पाहतो आणि दमणला आजही नांदती चर्च पाहतो. विजयाचा अभिमान खराच. तथापि उद्ध्वस्त वसईच्या कमानींखाली उभे राहून जे कळत नाही, ते दमणच्या चौकात कळते, की हे गाव वस्तीला असताना कसे दिसत असेल.

याहून नवलाची गोष्ट पुढची आहे. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने 'सांताना' नावाचे पोर्तुगीजांचे एक लढाऊ जहाज पकडले. त्याच्या भरपाईचा प्रश्न पुणे दरबारी लोंबकळत राहिला. इंग्रजांशी युद्ध चालू होते. पोर्तुगीज निदान शत्रूस मिळू नयेत अशी पुण्याची इच्छा होती. १७ डिसेंबर १७७९ रोजी तह झाला आणि दमणच्या पाठीशी असलेल्या मुलखातून सालीना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांस द्यावी असे ठरले. १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे त्यांच्या हवाली झाली आणि १७८५ मध्ये आणखी काही. हीच पुढची दादरा व नगर हवेली. एका जहाजाच्या बदली बहात्तर गावे! आजच्या हिशेबात हा सौदा महागाचा वाटतो. परंतु पेशव्यांच्या दरबाराच्या दृष्टीने ते गावांचे उत्पन्न देणे होते, राज्य देणे नव्हते. आणि हा बारीक फरक पावणेदोनशे वर्षांनी फार मोठा ठरला.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी प्रथम दादरा आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त केले. त्यांत गोमंतकीय होते, गुजराती होते, आणि मराठी तरुण पुष्कळ होते. गायक-संगीतकार सुधीर फडके हे त्यांतीलच एक. दमणहून तेथे सैन्य नेण्यास भारत सरकार वाट देईना, तेव्हा १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली आणि या दाव्यापुरते भारताच्या वतीने न्यायाधीश म्हणून मोहम्मद करीम छागला बसले. तेथे पुणे दरबारचा १७७९ चा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा पुराव्यात आल्या. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. 'सरंजाम' हा आपल्या दप्तरातील शब्द हॉलंडच्या न्यायमंदिरात अशा रीतीने उच्चारला गेला! निकालाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांचे तेथील स्वामित्व व्यवहारात मानले गेले होते आणि खासगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता त्यांना वाटेचा हक्क होता, हे न्यायालयाने मान्य केले. सैन्य, पोलीस आणि शस्त्रे यांना मात्र तसा हक्क नव्हता, आणि भारताने काही आगळीक केलेली नाही, असा निर्णय दिला. पुण्यातील ज्या कारकुनाने त्या सनदेतील शब्द नेमके लिहिले, त्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही. पण त्याच्या नेमकेपणाला मनोमन नमस्कार केला.

आणि १९६१ च्या डिसेंबरात दमणवर चालून गेली ती पलटण कोणती? मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, लेफ्टनंट कर्नल भोसले यांच्या हाताखाली. १८ डिसेंबरच्या पहाटे चढाई सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नराने शरणागती पत्करली. १७३९ साली जे राहून गेले होते ते असे पुरे झाले, असे आमच्यातील एक शिक्षक म्हणाले. आम्हांस ते वाक्य थोडे जास्त टाळीबाज वाटले, पण त्यांना अडविले नाही.

नगर हवेलीच्या त्या गावांनी पोर्तुगीजांना महसुलाखेरीज आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे साग. त्या जंगलातील सागाच्या जोरावर दमणला जहाजे बांधण्याचा मोठा धंदा चाले. 'दों फेर्नांदु दुसरा ई ग्लोरिया' नावाचे लढाऊ शिडाचे जहाज दमणच्या कारागिरांनी बांधले आणि ते १८४३ साली पाण्यात उतरले. पोर्तुगालच्या आरमारातील ते शेवटचे केवळ शिडावर चालणारे लढाऊ जहाज. लिस्बन ते हिंदुस्थान ही साडेतीन शतकांची वाहतूक ज्या जहाजाने अखेरची केली तेही हेच. १९६३ साली आगीत ते जळाले, वर्षानुवर्षे चिखलात पडून राहिले; १९९० नंतर त्याची डागडुजी झाली, १९९८ च्या लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनात ते दिमाखाने उभे राहिले, आणि आता लिस्बनसमोरच्या तीरावर संग्रहालय म्हणून नांगरलेले आहे. सागाचे लाकूड मराठ्यांनी दिलेल्या जंगलातले आणि हात दमणचे. दमणमध्ये त्याची मोठीशी खूण आम्हांस कोठे आढळली नाही. सुतारांच्या नशिबी हे असेच.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दमणला एक काळी भरभराटही आली होती. इंग्रजांचा मक्ता चुकवून माळव्याची अफू सिंधमार्गे दमणला येई आणि येथून चीनकडे जाई. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला आणि तो ओघ आटला. मद्य आज विकते, अफू तेव्हा विकत असे. शेजारच्या राज्यातील बंदीवर चरितार्थ चालविण्याची दमणची परंपरा जुनीच म्हणायची.

आम्ही मात्र दमणहून मनात जे घेऊन आलो ते तटही नव्हेत आणि जहाजही नव्हे. नानी दमणच्या किल्ल्यात, समुद्रमातेच्या चर्चच्या सावलीत, एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ आपल्या नातीला काही सांगत बसले होते. भाषा कानाला ओळखीची वाटे आणि समजत नसे. आमच्यातील शिक्षकांनी गुजरातीतून चौकशी केली, "अंकल, ही कोणती बोली?" ते हसले आणि गुजरातीतच म्हणाले, "ही आमची घरची भाषा. शाळेत नाही, कचेरीत नाही. नुसती घरात." दमणच्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज आणि येथील भाषा यांच्या मिलाफातून झालेली एक बोली पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते आणि तिचे नावही तेच आहे : 'लिंग्वा द काझा', घरची भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण ठेवण थेट लिस्बनची नाही. कोणा सरकारने ती शिकविली नाही. पोर्तुगीजांच्या शाळेत शुद्ध पोर्तुगीज चाले आणि ही बोली अशुद्ध म्हणून हिणविली जाई; १९६१ नंतर शाळा गुजराती आणि इंग्रजी झाल्या.

तिची एक बहीण खुद्द महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्यात रेवदंड्यासमोरच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. १७४० साली पोर्तुगीज तेथून गेले ते गेलेच. तरीही तेथील हजारभर माणसे अजून आपली पोर्तुगीज बोली बोलतात. तिला ती 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ सांगतात, की तिचे शब्द पोर्तुगीज असले तरी वाक्य मराठीच्या वळणाने चालते, क्रियापद शेवटी येते. पाठीशी राज्य नाही, लिपी नाही, पुस्तक नाही. पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती चुलीपाशी टिकली.

आम्ही त्या आजोबांना विचारले, नात बोलते का? ते म्हणाले, "समजते. उत्तर इंग्रजीत देते." त्यांची दोन मुले विलायतेत आहेत. १९६१ पूर्वी दमणला जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळण्याची सोय आहे, आणि तिचा उपयोग करून दमण-दीवची कितीतरी कुटुंबे पोर्तुगालात आणि तेथून इंग्लंडात गेली आहेत. घरची भाषा बोलणारी घरेच अशी उठून जात आहेत.

"समजते, उत्तर दुसऱ्या भाषेत देते" हे वाक्य आमच्या मंडळीत कोणाला नवे नव्हते. आमच्यातील आयांनी एकमेकींकडे पाहिले. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत आणि त्यांचे आम्हांवर उपकार आहेत. पण पुढे नोकरीधंद्यासाठी गुजराती किंवा इंग्रजी बरी, असे म्हणून अनेक आईबाप पहिल्यापासूनच तिकडे वळतात. त्यांचाही नाइलाज आहे. अहिराणीची गोष्ट तर त्याहून बिकट : आजीची अहिराणी आईला येते, आईची मुलीला कळते, आणि मुलगी ती मैत्रिणींसमोर बोलायला लाजते. शिक्षक म्हणाले, आपल्या मागे बारा कोटींचे राज्य आहे, आपल्याला भय नाही. त्यावर गिरणीतले आजोबा, जे दिवसभर फारसे बोलले नव्हते, म्हणाले, "राज्य तिकडं आहे. घर इकडं आहे ना?" त्यानंतर बराच वेळ कोणी त्या विषयावर बोलले नाही.

मुलांना आम्ही एक काम दिले : आपण रोज बोलतो त्यांतले फिरंगी शब्द शोधा. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, घमेले, बिजागरी, लिलाव, तुरुंग, पाद्री. यातले निम्मे गुजरातीतही जवळपास तसेच आहेत. 'पगार'ही पोर्तुगीज आणि 'तुरुंग'ही पोर्तुगीज, हे ऐकून आमच्यातील मागवाले मोठ्याने हसले. त्यांच्या मते हे दोन शब्द एकाच गलबतातून आले असावेत.

जाणाऱ्यांसाठी थोडे. उधना किंवा सुरतेहून वापीपर्यंत पुष्कळ गाड्या आहेत. सकाळी लवकर निघून रात्री घरी येता येते. २०२० च्या जानेवारीपासून दमण, दीव, दादरा व नगर हवेली हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे आणि त्याच्या कचेऱ्या मोटी दमणच्या किल्ल्यात आहेत, म्हणून किल्ला शांतपणे पाहावयाचा तर सुटीचा दिवस धरावा. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते. ती संपेपर्यंत बाहेर थांबावे आणि आत मोठ्याने बोलू नये. नानी दमणचा देवका किनारा खडकाळ आहे, मुलांना पाण्यात सोडण्यासारखा नाही. मोटी दमणकडील जामपोरला सुरूची झाडे आहेत, वाळू आहे, शिदोरी सोडण्यास ती जागा बरी. भाकरी, ठेचा आणि कळण्याच्या पुऱ्या आम्ही घरून नेल्या होत्या. संत जेरोमच्या किल्ल्याचा तट दुपारी तापतो; तेथे ऊन उतरल्यावर, चारच्या पुढे, होड्या परतू लागतात त्या वेळी जावे.